तंकम्माच्या उबवणी यंत्रातला राखणदार

मी एक जुना राखणदार आहे, मित्रांनो, पण म्हणून माझी कीव करू नका. लोक मला वॉचडॉग टायमर म्हणतात, म्हणजे पहाऱ्यावरचा कुत्रा. मला शेपूट नाही की दात नाहीत. नखाएवढ्या चिपच्या एका कोपऱ्यात मी राहतो, आणि ती चिप केरळातल्या कुट्टनाडमधल्या तंकम्माच्या उबवणी यंत्रात बसवलेली आहे.

माझं काम सोपं आहे. मी उलटे आकडे मोजतो. यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं आकडे संपायच्या आत येऊन 'मी शुद्धीवर आहे' असं मला सांगायचं. सांगितलं, की मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. नाही सांगितलं, तर तो कुठेतरी अडकला असं समजून मी त्याला खाडकन बंद करतो आणि पुन्हा उठवतो. विनवण्या नाहीत, मुलाहिजा नाही.

आमची भातशेती पाण्याच्या पातळीखाली. पेरणीआधी बांधावरचे मोठे पंप शेतातलं पाणी उपसून कालव्यात टाकतात. पंप सुरू झाला, की गावाची वीज हेलकावे खाते आणि प्रोग्रॅम भोवळ आल्यासारखा पडतो. मग मी त्याला उठवायचो. पडदा काळा व्हायचा, यंत्र 'टीं' करायचं आणि पंखे पुन्हा फिरायचे. तेवढ्यानंही तंकम्मा वैतागायची.

"जोबिन मोने, अरे बाळा, तुझा डबा दिवसातून दहा वेळा मरतो आणि जिवंत होतो," यंत्र बनवणाऱ्या पोराला ती फोनवर म्हणाली. "बदकांची अंडी आहेत ही. सर्कस नव्हे!"

ती अंडी साधीसुधी नव्हती. रोगात तिचा सगळा कळप गेला होता. बहिणीनं आपली बदकं विकून टाकण्याआधी शेवटची अंडी तिला दिली होती. त्यांतून पिल्लं निघाली तर कळप पुन्हा उभा राहणार होता. नाहीतर तिचा धंदा संपलाच.

जोबिन आला. प्रोग्रॅम का पडतो ते शोधायचं सोडून त्यानं मलाच गप्प केलं. चिपमध्ये एक छोटं घड्याळ आहे. प्रोग्रॅम बेशुद्ध पडला तरी ते आपलं टिकटिकत राहतं. मला 'ठीक आहे' सांगायचं काम जोबिननं त्या घड्याळाला देऊन टाकलं. असली चूक प्रोग्रॅम लिहिणारेच करू जाणोत!

"बघा चेची, कसं शांत झालं," तो म्हणाला. चेची म्हणजे ताई. तिनं खुशीत त्याला फणसाचे गरे दिले. माझा मात्र तिळपापड झाला.

दोनच दिवसांनी भर दुपारी पंप सुरू झाला. प्रोग्रॅम पडला, तोही हीटर चालू असताना. पडद्यावर जुनंच तापमान दिसत राहिलं. आत ऊब वाढली, मग धग झाली. आणि ते मूर्ख घड्याळ मला सांगतच होतं, ठीक आहे, ठीक आहे. कसलं डोंबलाचं ठीक! पिल्लं भाजत होती आणि मी आपला पहिल्यापासून मोजतोय.

तंकम्मानं यंत्राचं दार उघडलं तेव्हा गरम वाफ तिच्या तोंडावर आली. तिनं ओरडतच प्लग ओढला.

जोबिन धावत आला. "ही चिप निकामी झाली, चेची. वॉचडॉग असून उपयोग झाला नाही. नवी घालतो."

"मागच्या वेळी काय केलंस ते आधी सांग."

त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे कुत्र्याचं तोंड तूच बांधलंस," तंकम्मा कडाडली, "आणि घर लुटलं गेल्यावर कुत्र्यालाच हाकलतोस? अन् मी तरी काय शहाणी! त्याच्या भुंकण्याला कंटाळून मीच तुला बोलावलं." एवढं बोलून ती अंड्यांशेजारी बसली आणि रडली.

मी जागेवरच राहिलो. जोबिननं घड्याळाकडचं काम काढून घेतलं. तापमान मोजलं गेलं, पंखा फिरला, हीटरनं ऐकलं, तरच प्रोग्रॅमनं माझ्याकडे यायचं असं ठरलं.

अर्ध्याहून जास्त अंडी गेली, मित्रांनो. ती कुणी परत आणणार नाही. म्हणून तुम्हाला बजावतो, तुम्ही मोठेपणी यंत्रं बनवाल तेव्हा आमचं तोंड बांधू नका. राखणदार सारखा ओरडत असेल, तर आत काय बिघडलंय ते शोधा. मी कुणाची झोप सांभाळायला बसलेलो नाही.

उरलेल्या अंड्यांतली पहिली चोच टरफलाबाहेर आली, त्या सकाळीही पंपानं वीज हलली, प्रोग्रॅम पडला आणि मी अख्खं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. कुणी हूं की चूं केलं नाही.