उतरता ऋषभ

हरिहर मास्तरांनी तंबोऱ्याच्या खुंटीला शेवटचा पीळ दिला, तार छेडून पाहिली आणि चिकाच्या पडद्याकडे एकदा नजर टाकली. पडद्यामागे बायकांमध्ये सिंधू बसली होती. ती त्यांना दिसणं शक्य नव्हतं. पण नवऱ्याची नजर कुणाला शोधते आहे ते तिला कळलं, आणि तिनं सारखाच असलेला पदर उगाच आणखी सारखा केला.

अमरावतीला केशवराव वकिलांच्या दिवाणखान्यात दुपार उतरणीला लागली होती. केशवराव शहरात गायनशाळा काढायच्या विचारात होते. दर्यापूरच्या शाळेत गणित शिकवणारा एक मास्तर आहे, त्यानं कुणा उस्तादाचा गंडा बांधलेला नाही आणि तरी स्वतःच्या बऱ्याच चिजा बांधल्या आहेत, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. चिजा कसोटीला उतरल्या तर गायनशाळा मास्तरांच्या हाती द्यायची, असं त्यांनी बोलूनही दाखवलं होतं. फक्त एकदा गुलाम नबी खांसाहेबांनी ऐकावं, एवढंच. त्या काळी अमरावतीत गाण्याच्या बाबतीत खांसाहेबांच्या शब्दावर दुसरा शब्द नव्हता. ते लोडाला टेकून, सुपारीचा डबा मांडीशी घेऊन बसले होते.

मास्तरांनी मुलतानी धरली.

“धूप चली अंगना छोड, मैं ना चली...”

ही चीज बांधली गेली तो दिवस सिंधूला आठवत होता. अंगणात कुरड्या घातल्या होत्या आणि ऊन सरकेल तशी ती बाज सरकवत होती. शेवटी ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ती कंटाळून म्हणाली होती, ‘हे ऊन गेलं निघून, मीच राहिली इथं.’ मास्तर ओसरीवर वह्या तपासत होते. त्यांनी दौत बाजूला सारली आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागले. संध्याकाळपर्यंत मुखडा तयार होता.

तेच आता भरल्या दिवाणखान्यात चाललं होतं. ‘अंगना’वरून सूर खाली यायचा, गंधारावरून षड्जाकडे, आणि वाटेत ऋषभावर अगदी थोडा टेकायचा. उंबऱ्यापर्यंत आलेलं माणूस आत येऊ की नको म्हणून थबकावं तसा. मास्तर तिथं पहिल्यांदा आले तेव्हा खांसाहेबांचा डब्याकडे गेलेला हात थांबला. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. सिंधूनं पडद्याच्या फटीतून ते पाहिलं. तिच्या शेजारी बसलेली केशवरावांची बहीण पार्बताबाई तिच्या कानाशी लागून म्हणाली,

“झालं तुमचं काम. खांसाहेब असे डोळे मिटत नाहीत कोणासाठी.”

गाणं संपलं. सगळे खांसाहेबांकडे बघत होते.

“मास्तर,” खांसाहेब म्हणाले, “ही मुलतानी कोणाकडून घेतली?”

“कोणाकडूनच नाही, खांसाहेब. दर्यापूरले अडत्याच्या दुकानात फोनो होता. तबकडी ऐकू ऐकू शिकलो.”

“तबकडीत असा लागतो रिखब?” ऋषभाला खांसाहेब रिखब म्हणत.

मास्तर गोंधळले. त्यांनी तंबोऱ्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“तबकडीले तडा होता तिथं. त्या जागी सुई उडे. गंधारावरून एकदम षड्जावर. मधलं मले... मले जसं वाटलं तसं मी भरून घेतलं.”

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. केशवराव हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“मुलतानीत रिखब कोमल असतो,” खांसाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. नाडी पाहून वैद्य सांगतो तसं ते सांगत होते. “चांगला खाली, कोमल. तुमचा ना कोमल, ना शुद्ध. गला अच्छा है तुमचा. पण ही मुलतानी नाही. ही चूक आहे.”

“बाकीच्या चिजा ऐकवू?”

“ऐकवा ना.”

मास्तरांनी आणखी दोन म्हटल्या. वेगळ्या रागांतल्या होत्या, पण तो ऋषभ त्यांतही कुठं ना कुठं येऊन बसलेला होता. इतक्या वर्षांत त्याची गळ्याला सवय होऊन गेली होती. तिसरी सुरू करताना मास्तरांनाच ते कळलं. ते मध्येच थांबले, तंबोरा आडवा ठेवला आणि सगळ्यांना नमस्कार केला. चहा आला. गायनशाळेचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि पुढंही कधी निघाला नाही.

परतीला मूर्तिजापूरहून छोटी गाडी धरली. मास्तरांनी तंबोऱ्याची गवसणी दोन्ही गुडघ्यांत धरली होती. बाहेर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांची शेतं काळी, ओकीबोकी मागं जात होती. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले,

“तुले कधी वेगळं वाटलं काय? त्या जागेवर?”

“मले काय समजते त्यातलं.”

“समजायचं नाही विचारत. कानाले कसं लागे?”

“मले तर गोड लागे.”

“हं,” मास्तर म्हणाले. “तेच.”

आणि ते खिडकीकडे वळले ते दर्यापूर येईपर्यंत.

पडलेला माणूस रडतो, चिडतो, देवाला बोल लावतो. मास्तरांनी यातलं काही केलं नाही. पुढल्या सुटीत ते उठून अमरावतीला गेले आणि खांसाहेबांच्या दारात उभे राहिले. कोमल ऋषभ शिकवा म्हणाले. खांसाहेबांनी त्यांना वय विचारलं, जरा वेळ त्यांच्या पायांकडे बघत बसले आणि म्हणाले, “बैठो.”

तेव्हापासून सुटी लागली की मास्तर अमरावतीला जायचे. घरी पहाटे उठून बसायचे आणि गंधार, ऋषभ, षड्ज. गंधार, ऋषभ, षड्ज, एवढंच घोटायचे. गणिताचा मास्तर तो. उत्तर चुकलं म्हणून गणित टाकून द्यायचं नसतं, रीत सुधारायची असते, हे त्यांनी जन्मभर पोरांना सांगितलं होतं. त्यांनी एकेक चीज काढली आणि दुरुस्त केली. ‘धूप चली’ सगळ्यात आधी.

सिंधू चुलीपाशी बसून ऐकायची. दुरुस्त झालेली चीज धुऊन, पिळून, दोरीवर नीट टाकलेल्या धोतरासारखी वाटायची. तिला नाव ठेवायला जागा नव्हती. पण मास्तर ती पूर्ण म्हणत नसत. मुखड्यावरून खाली येत, ऋषभ जिथल्या तिथं लावत आणि थांबत. मग नवीन चिजा बांधणंही थांबलं. ते केव्हा थांबलं हे सिंधूला सांगता आलं नसतं. ओसरीवर वह्या तपासताना ते गुणगुणत नाहीत, एवढंच एक दिवस तिच्या ध्यानात आलं.

एकदा ती ज्वारी पाखडत होती. सूप हलत होतं, आणि सुपाच्या लयीत तिच्याही नकळत ‘धूप चली’ तोंडात आली होती, जुनीच. मास्तर शाळेतून आले ते चपला न काढता तसेच उभे राहिले.

“तसं म्हणू नको.”

तिनं सूप खाली ठेवलं.

“कानात बसलं की निघत नाही मग,” ते म्हणाले. “मी मोठ्या कष्टानं काढून राहिलो.”

त्यानंतर ती त्यांच्यासमोर कधी गुणगुणली नाही. ते शाळेत असताना मात्र म्हणायची. पाणी शेंदताना, भांडी घासताना, लेक अनुपमा अकोल्याला दिली त्या वर्षी तर रिकाम्या घरात दिवसदिवस. कुणासाठी म्हणत नव्हती, जपून ठेवावं म्हणूनही नव्हे. तिला दुसरं गाणं येत नव्हतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले. एका वैशाखात, ऊन कलल्यावर, दारात खाचर थांबलं आणि गड्याच्या आधारानं गुलाम नबी खांसाहेब खाली उतरले.

ते अर्धे उरले होते. काठी होती, छातीत घरघर होती. मास्तरांनी धावत जाऊन त्यांचे पाय धरले आणि ओसरीवर सतरंजी टाकून त्यांना बसवलं. सिंधूनं माठातलं पाणी दिलं, आणि असल्या पाहुण्यांसाठी वेगळा ठेवलेला चिनी मातीचा कप फळीवरून काढून चहा टाकला.

“अकोल्याले आलो होतो,” खांसाहेब दम घेत म्हणाले. “गाण्याले नाही. गाणं सुटलं आता. हकीमाकडे. परत जाता जाता म्हटलं, मास्तरकडे एक काम आहे.”

“हुकूम करा.”

“ती चीज ऐकवा. धूप चली.”

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी आतून तंबोरा आणला, मन लावून मिळवला आणि डोळे मिटून सुरुवात केली. सिंधू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. आवाज आता थकला होता, पण सूर एकही इकडचा तिकडं होत नव्हता. ‘अंगना’वरून ते खाली आले. ऋषभ कोमल, जिथं असावा तिथं.

“नाही, नाही,” खांसाहेबांनी हात हलवला. “ही नाही. ती पहिली. वकिलाकडे म्हटली होती ती.”

मास्तरांनी डोळे उघडले.

“ती तर चूक होती, खांसाहेब.”

“चूकच होती. मी कुठं नाही म्हणतो.” त्यांना खोकला आला. तो ओसरल्यावर ते म्हणाले, “पण ती चूक मी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात ऐकली नाही, मास्तर. जन्मभर मुलतानी गायलो. तुमच्यानंतर जेव्हा जेव्हा गायलो, त्या जागेवर आलो की तुमचा तो रिखब याद यायचा. मी लावून पाहिला. नाही लागला. एकदा ऐकून जातो, म्हणून आलो.”

मास्तरांनी षड्ज घेतला. वर गेले, गंधारावर क्षणभर थांबले आणि उतरले. कोमल लागला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा घेतला. या वेळी सरळ शुद्ध ऋषभ लागला, पेटीची पट्टी दाबावी तसा कोरडा.

“तो नाही,” खांसाहेब हळू म्हणाले. “त्याच्या जरासा खाली होता. गंधाराच्या पोटातून यायचा.”

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. आणि पुन्हा. कपाळावर घाम आला. दरवेळी सूर गंधारावरून निघायचा आणि घोटलेल्या वाटेनं सरळ जाऊन कोमल ऋषभावर बसायचा.

दाराआड सिंधूच्या गळ्याशी तो सूर येऊन उभा राहिला होता. तिला फक्त तोंड उघडायचं होतं. तिचे हात कणकेचे होते. ते तिनं पदराला पुसले, एक पाऊल उंबऱ्यापर्यंत टाकलं. परक्या पुरुषापुढं या घरातली बाई कधी बोललीसुद्धा नव्हती. आणि ती गायली असती, तर ओसरीवर जो माणूस घाम पुसत बसला होता त्यानं मग कुणाकडे बघायचं होतं? तिनं पाऊल मागं घेतलं.

खांसाहेबांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “मी फार चांगलं शिकवलं तुम्हाले.”

चहा तसाच राहिला होता. तो त्यांनी थंडच घेतला, मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाचरात बसले. संध्याकाळची गाडी धरायची होती. खाचर बनोशाच्या, स्टेशनाकडच्या रस्त्याला लागेपर्यंत मास्तर दारात उभे होते. मग ते ओसरीवर येऊन बसले. तंबोरा त्यांनी उचलला नाही.

सिंधू कप न्यायला म्हणून बाहेर आली आणि खांबापाशी थांबली. गाडीला अजून वेळ होता. बैल काही पळत जाणार नव्हते. माणूस झपाझप चालला तर खांसाहेबांना स्टेशनावर गाठता आलं असतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली, “जरा ऐकता काय?”

मास्तरांनी मान वर केली. ती तिथंच खाली बसली, खांबाला पाठ लावली आणि म्हणायला लागली. आवाज आधी कापला, मग धरला गेला. धूप चली अंगना छोड. ‘अंगना’वरून ती खाली आली, आणि तो ऋषभ आला. थबकलेला, ना कोमल ना शुद्ध, गंधाराच्या पोटातून निघालेला. तिनं इतकी वर्षं भांडी घासताना लावला तसाच. मैं ना चली. तिनं पुन्हा मुखडा घेतला आणि पुन्हा तिथं आली.

मास्तरांनी डोळे मिटले होते. त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. तिला वाटलं, आता उठतील. तिनं त्यांच्या चपला कुठं आहेत ते डोळ्यांनी शोधलं.

त्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं.

“ऋषभ बेसूर लागून राहिला तुहा,” ते म्हणाले. “बाकी छान आहे. अजून खाली घे. कोमल लाव.”

सिंधू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते वाट पाहत होते, शाळेत फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोराकडे बघावं तसे, धीर देत.

तिनं पुन्हा म्हटलं. गंधारावरून उतरली आणि ऋषभ कोमल लावला.

“आता बरोबर,” मास्तर म्हणाले. ते सरकले आणि सतरंजीवर खांसाहेब बसले होते त्या जागेवर हात थोपटला. “इथं ये, अशी समोर बस. एवढा चांगला गळा आहे, काहून सांगितलं नाही कधी? मी शिकवतो तुले.”

त्यांनी तंबोरा उभा केला. सिंधू उठली आणि समोर जाऊन बसली.