पाठीला पाठ

"तुमची ती केसांतली पिन माझ्या मानेत घुसतेय," अंतोन माझ्या पाठीमागून पुटपुटला.

"मग मान तिथं ठेवू नका."

"अकरा वर्षं तीच पिन. दुसरी घ्यायला होत नाही बाईंना."

आम्ही पाठीला पाठ लावून, नाकं वर करून उभे होतो. अंतोनच्या काखेत उशी होती; चित्रात तिच्या जागी बदक येणार होतं. माझ्या हातात छत्री. समोर हार्लन वीक्स कोळशाच्या कांडीनं आम्हाला कागदावर उतरवत होता आणि दर दोन मिनिटांनी सुस्कारा टाकत होता.

क्लीव्हलंडच्या आमच्या छापखान्यात सिनेमाची पोस्टरं निघतात. सिनेमा मात्र आम्हाला आधी कुणी दाखवत नाही. लिफाफ्यातून पाच-सहा फोटो येतात, कथेचं एक पान येतं आणि सोबत ताकीद, की नायिकेचं नाव नायकाच्या नावाहून तसूभरही बारीक दिसता कामा नये. ते माझं खातं. अक्षरं मी काढते, पट्टीनं मोजून. चेहरे हार्लन फोटोवरून रंगवतो. पण फोटोतली माणसं बहुधा छातीपाशी संपतात. खालचं धड कुठून आणायचं? तर छापखान्यातून. त्यामुळे पडद्यावरच्या कितीतरी लाडावलेल्या श्रीमंत पोरींना मानेखाली मीच पुरत आले आहे. माझ्या कमरेचं हार्लन काय करतो ते विचारू नका; हात चांगला आहे त्याचा. नायकाचं धड अंतोन झूपानचं. तो छपाईयंत्रावर शाई जुळवतो, आणि खांदे असे की रंगवलेला सूटही अंगासरसा बसतो. त्यानं लग्न केलेलं नाही. मला विधवा होऊन तेरा वर्षं झाली.

त्या आठवड्यात हार्लनचं कच्चं चित्र तिसऱ्यांदा परत आलं होतं. सिनेमा कंपनीचं पत्र त्यानं भिंतीला टाचलं होतं. 'आमचा चित्रपट भांडणाचा आहे. तुमचं जोडपं वीस वर्षं सुखानं संसार केल्यासारखं दिसतं. शुक्रवारी दुपारच्या टपालानं भांडण पाठवा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ.' काम गेलं तर हार्लनही गेला, असं मालकांनी खाली निरोप्याकरवी कळवलं होतं. हार्लन एकसष्ट वर्षांचा. या वयात चित्रकाराला रंगवायला मिळतात ती कुंपणं.

आज शुक्रवार होता आणि साडेदहा वाजून गेले होते.

"मध्ये दोन बोटं अंतर ठेवा," हार्लन म्हणाला. "रागावलेली माणसं एकमेकांना टेकत नाहीत."

आम्ही ठेवलं. थोड्या वेळानं ते अंतर नाहीसं झालं.

"कोण टेकलं?"

"मी नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

नमुने तपासणारी बेर्टा उगाच काहीतरी न्यायला आत आली. तिनं चित्राकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. हार्लन खोकला. तिनं तोंड मिटलं. आम्हा दोघांबद्दल कुणी काही बोलायला लागलं की येणारा हा खोकला आमच्या छापखान्यात बरीच वर्षं टिकून आहे.

"एखादं जुनं भांडण आठवा," हार्लन काकुळतीला आला.

"बाई माझ्या बहिणीच्या केकला नावं ठेवतात," अंतोन म्हणाला.

"नावं नाही ठेवली. अक्रोड कमी पडले म्हटलं."

"ते मी तिला सांगितलं, तर आता दुप्पट घालते."

"हो, आता छान होतो."

हार्लननं कांडी खाली ठेवली. मग अंतोनच, अगदी सहज, म्हणाला, "तसंही पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी बघ, हार्लन. बहीण मिलवॉकीला राहायला चाललीय. मला म्हणते, तूही चल, इथं आहे काय तुझं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, खरंय."

मी गर्रकन वळले.

"खरंय? इथं काही नाही तुमचं? अकरा वर्षं माझ्या थर्मासातली कॉफी पिता. न सांगता माझ्या पेन्सिलींना टोक काढून ठेवता. बर्फ पडला की मला ट्रॅमपर्यंत सोडता, तुमची ट्रॅम उलट्या बाजूला असून. तुमच्यापायी अख्ख्या छापखान्याला खोकला लागलाय. आणि बहिणीला सांगता, खरंय?"

छत्रीचं टोक त्याच्या छातीवर होतं. त्यानं उशी ढालीसारखी धरली.

"तुम्ही तरी कधी काही बोललात?"

"विचारायचं नायकानं असतं. कथेच्या पानावर दर वेळी लिहिलेलं असतं."

"मला कुणी पान देत नाही. माझे फक्त खांदे लागतात."

"छत्री तशीच," हार्लन म्हणत होता. त्याची कांडी कागदावर धावत होती. "बदक जरा वर. अंतोन, हनुवटी. नको, घाबरलेलीच राहू दे."

बेर्टा दारात थांबली होती, तिच्यामागं आणखी चौघं. कुणी खोकलं नाही.

पावणेबाराला हार्लननं कागद आमच्याकडं वळवला. दोघांमध्ये हातभर अंतर होतं, आणि भांडण असं की पुढं काय होतं ते बघायला मीसुद्धा तिकीट काढलं असतं.

"हे जातं टपालात," तो गुंडाळी करत म्हणाला. "आता मिटवायचं तर मिटवा. माझं काम झालं."

अंतोननं उशी स्टुलावर ठेवली.

"मला मिलवॉकीला जायचं नाही," तो म्हणाला.

"एवढंच?"

त्यानं आपल्या शाई लागलेल्या नखांकडं पाहिलं, मग दारातल्या गर्दीकडं, मग माझ्याकडं.

"टेकत होतो तो मीच, इर्मा. पहिल्या पोस्टरपासून. माझं तुमच्यावर प्रेम आहे."