पोरांच्या नावची शिल्लक

शालनबाईंच्या हातून पैसा सुटत नाही, याची बोरजाईवाडीत टवाळीही व्हायची आणि कौतुकही. चाकणच्या कंपन्यांच्या पाठीला टेकलेलं हे गाव. कंपन्यांच्या करापोटी ग्रामपंचायतीकडे बक्कळ पैसा येऊ लागला, तसे आधीचे कारभारी त्यावर तुटून पडले होते. एकाच रस्त्यावर तीनदा दिवे लागले आणि अंधार होता तिथंच राहिला. शेवटी वैतागून गावानं शालनबाईंना सरपंच केलं. लग्नपत्रिका उलटी करून तिच्या मागे वाणसामान लिहिणारी बाई, ती गावचा पैसा काय उधळणार?

आणि झालंही तसंच. सभेला चहा यायचा तो अर्धा कप, बिस्किटं यायची ती बेकरीतली तुटकी, किलोवर घेतलेली. सदस्य कुरकुरायचे, पण बाईंनी पैसे खाल्ले असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. उत्पन्नातला जो हिस्सा बायका-मुलांसाठी बाजूला काढावा लागतो, त्याच्याबाबतीत तर त्या फारच हळव्या. नातवाच्या नावानं बँकेत पावती करावी तशा त्या हा पैसा दरसाल राखून ठेवत. पोरांचा पैसा हाय, पोरं मोठी झाली की लागंल, असं म्हणत. कुणी मागायला आलं की त्यांच्या तोंडून आपसूक निघे, "पैसं न्हाईत." याला त्या खोटं समजतच नसत. डब्यात पैसे असताना घरच्यांना नाहीत म्हणून सांगायचं, यालाच तर त्या संसार म्हणत आल्या होत्या.

म्हणूनच पिंपरीच्या शिबिराचं आमंत्रण आलं तेव्हा त्या मनातून सुखावल्या. मुलांसाठीचा सरकारी पैसा कुठं जातो, यावर लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी नजर कशी ठेवायची, ते शिकवणारं शिबिर. मुलगा कुलदीप गाडीनं सोडायला आला होता. "आई, तूच शिकवून ये त्यांना," त्या उतरताना तो म्हणाला. शालनबाईंना तो विनोद वाटला नाही.

संत तुकाराम नगरातलं सभागृह भरलं होतं. पुढे आमदार आणि नगरसेवक, मागे सरपंच मंडळी, त्यांच्यामागे अंगणवाडीच्या ताया आणि साधी माणसं. आमदारसाहेब दिवा लावून सटकतील असं सगळे धरून चालले होते. ते चक्क बसले, त्यामुळं बाकीच्यांनाही बसणं भाग पडलं. शिकवणारी उत्कर्षा कुलदीपपेक्षाही लहान. आवाज बारीक, पण प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत माणसाला सोडत नव्हती. मुलांसाठी ठेवलेल्या पैशाचं तुमच्याकडे काय झालं, ते एकेकानं उठून सांगा, असं तिनं फर्मान काढलं.

कुणी गुळमुळीत बोललं. कुणी माहिती मागवतो म्हणालं. एका सरपंचानं त्या पैशातून गावाला कमान बांधल्याचं सांगितलं आणि मुलं त्याच कमानीखालून शाळेत जातात, अशी पुस्तीही जोडली. हशा ओसरल्यावर शालनबाई पदर सावरत उठल्या.

"आमी एक रुपया खर्च केला न्हाई. मी सरपंच झाल्यापासनं समदा शिल्लक हाय."

सरपंचांच्या रांगेतून टाळ्या पडल्या. शालनबाईंना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगा.

उत्कर्षानं टाळ्या वाजवल्या नाहीत. "कुणासाठी ठेवलाय, ताई?"

"पोरांसाठी की."

"कुठल्या? नावं घ्या ना. पहिल्या वर्षी पैसे ठेवलेत तेव्हा अंगणवाडीत कोण कोण होतं?"

यात काय अवघड होतं? गावातलं पोर न् पोर त्यांच्या ओळखीचं. बन्सीचा ऋतिक, भागूबाईची नात हर्षाली, बाळूची जुळी. नावं घेता घेता त्यांच्या ध्यानात आलं, ऋतिक आता दप्तर घेऊन शाळेत जातो. हर्षालीचे पुढचे दात पडलेत. पैसा जागच्या जागी होता आणि पोरं तिथून कधीच पुढं निघून गेली होती. "आन आमच्या मागल्या खोलीतली करिष्मा," असं म्हणून त्या थांबल्या त्या थांबल्याच.

उत्कर्षाला वाटलं, नावं संपली. ती सभागृहाकडे वळली. "खाल्लेला पैसा हुडकायला आपण शिकतो. न वापरलेला मात्र कुणाच्या डोळ्यावर येत नाही. लहान मूल काही आपली सवड होईस्तोवर लहान राहत नाही हो." आमदारांनी ते लिहून घेतलं. पुढं ती काय बोलली, त्यातलं एक अक्षर शालनबाईंच्या डोक्यात शिरलं नाही.

करिष्मा ही कस्तुराची मुलगी. कस्तुरा आणि तिचा नवरा कामासाठी मराठवाड्यातून आलेले, शालनबाईंच्या घरामागच्या भाड्याच्या खोलीत राहत. तो कंपनीत कंत्राटावर, ती चाकणच्या मार्केटात कांदा निवडायला. करिष्मा अंगणवाडीत जायला लागली तेव्हाच तिथल्या मंजुषाताईला शंका आली होती. पोर हाकेला वळत नव्हती. पाठीमागे ताट पडलं तरी दचकत नव्हती. मंजुषा तशीच शालनबाईंकडे आली होती.

"काकू, लहान मुलांचे कान तपासणारी माणसं पिंपरीहून बोलवू या. फंडातून होऊन जाईल. करिष्माचं मला काही ठीक दिसत नाही."

शालनबाईंनी कणीक मळता मळता उत्तर दिलं होतं. "पैसं न्हाईत गं फंडात. आन आमचा कुलदीप बी लई उशिरा बोलाया लागला. आता गप बस म्हनावं लागतं त्याला." मंजुषा हसली आणि गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आली, तेच उत्तर घेऊन परतली. मग तिनं विचारणं सोडलं.

गेल्या महिन्यात शाळेच्या तपासणीत सगळं उघड झालं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाला मशीन लावू, थोडंफार ऐकू येईल, पण आता बोलणं येणं फार अवघड. अंगणवाडीच्या वयात आणली असती तर गोष्ट वेगळी होती. ही हकिकत कस्तुरानंच हुंदके देत शालनबाईंना सांगितली होती. आणि शालनबाईंनी तिला पोटाशी धरलं होतं, रडू नको म्हणाल्या होत्या, त्या महिन्याचं भाडंही माफ केलं होतं. स्वतःच्या मोठेपणाचं त्यांना तेव्हा बरंच समाधान वाटलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत हे आठवलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. त्या दिवशी आपल्याला फंडाची आठवण कशी झाली नाही? की झाली होती, आणि आपणच तिला आत येऊ दिलं नाही? त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

"आई, बरं वाटत नाही का?" कुलदीपनं विचारलं.

"गाडी चालव तू," त्या खेकसल्या. नंतर त्यांना त्याचंही वाईट वाटलं.

त्या आठवड्यात शालनबाईंनी मागचं दार उघडलंच नाही. करिष्मा अंगणात खेळायची, तिच्या पायातल्या पैंजणांचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. तो आवाज गावाला येतो आणि तिला येत नाही, या विचारानं त्या ताटावरून अर्ध्यातच उठत. ताबडतोब सभा बोलावून त्यांनी ठराव केला, अंगणवाडीतल्या सगळ्या मुलांचे कान आणि डोळे तपासायचे, जो लागेल तो खर्च करायचा. सदस्य एकमेकांकडे बघत राहिले. मंजुषाला कळलं तेव्हा ती साधेपणानं म्हणाली, "पैसे आले वाटतं फंडात? बरं झालं, काकू." तिनं टोमणा मारला असता तर शालनबाईंना परवडलं असतं.

मन मोठं वकील असतं. झालं ते झालं, ते समजूत घालू लागलं. आता पुढच्या पोरांचं तर नीट होईल. सांगून काय करिष्माचे कान बरे होणार आहेत? शालनबाईंना हे सगळं पटत होतं, फक्त झोप लागत नव्हती.

आणि मग शिबिरात ठरल्याप्रमाणे उत्कर्षा गावात आली, नागरिकांना शिकवायला. समाजमंदिरात सतरंज्या पसरल्या. बायका झाडून आल्या, खोल्यांमधल्या भाडेकरूही आल्या. मुलांच्या पैशाबद्दल काहीही विचारा, सरपंचांना विचारा, घाबरू नका, असं उत्कर्षा म्हणाली. घाबरायचं कुणी, हे शालनबाईंना पुरतं ठाऊक होतं.

कस्तुरा उठली. करिष्मा तिच्या पदराला धरून उभी होती.

"मला इचारायचं नाही, बायांनो, सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या लेकराला ऐकू येत नाही. मंजुषाताईनं मला तवाच सांगितलं होतं, फंडात पैसे नाहीत, तू पिंपरीला दाखवून ये म्हणून. एक रोज बुडंल म्हणून म्या गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत बसले. माझ्या हातानं लेकराचं वाटोळं केलं म्या. तुम्ही असं करू नका. काकू तर किती मायेच्या, त्यायच्यापाशी पैसे असते तर त्यायनं..." शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

शालनबाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. उत्कर्षाला शिल्लक ठाऊक होती, पण करिष्माचं तिला काही माहीत नव्हतं. मंजुषाला करिष्माचं माहीत होतं, पण ती पिंपरीच्या शिबिराला नव्हती, शिल्लक तिला ठाऊक नव्हती. दोन्ही टोकं एकट्या शालनबाईंच्या हातात होती. त्या नुसत्या बसून राहिल्या असत्या, तर वर्षानुवर्षं कस्तुरा स्वतःला कोसत राहिली असती आणि गाव त्यांना मायेचं म्हणत राहिलं असतं. इतकं सोपं होतं ते. आपण क्षणभर तसा विचार केला, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

त्या उठल्या.

"कस्तुरा, तुजी चूक न्हाई गं."

"असं कसं, काकू..."

"न्हाई. मंजुषा माज्याकडं दोनदा आलती, कान तपासाया मानसं बोलवा म्हनून. मीच तिला सांगितलं पैसं न्हाईत. पैसं व्हते."

मंजुषानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. कस्तुराला नीट कळलं नसावं. तिनं अगदी हळू विचारलं, "तवा होते?"

"व्हय. तवाच व्हते. अजून बी हायेत."

"मंग नाही काहून म्हणलात?"

या प्रश्नाचं उत्तर शालनबाई आयुष्यभर अभिमानानं देत आल्या होत्या. आताही दुसरं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. "पोरांसाठी राखले व्हते," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कस्तुरानं शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, निदान मोठ्यानं रडावं, असं त्यांना फार वाटलं. ती नुसती उभी राहिली. सगळ्यांची तोंडं बदललेली बघून करिष्मा कावरीबावरी झाली होती. तिनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि तळहात उलटा करून विचारलं, काय झालं? मायलेकींनी आपल्या आपण हातांची भाषा केली होती. त्यात भूक होती, पाणी होतं, बाबा कामावर गेले हे होतं, चल झोपू हेही होतं. कस्तुरानं हात वर उचलला, तो बराच वेळ तसाच धरला आणि काही न सांगता खाली घेतला.

मग सगळे जिकडे बघत होते तिकडे करिष्मानंही बघितलं. समोर रोजच्या आजी उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे बघून तोंडभर हसली. शालनबाईंना तिच्याकडे बघवेना, आणि नजर वळवावी तर समोर कस्तुरा उभी होती.