स्वेटर घालून लावलेला एसी

भर उन्हाळ्यात दोन स्वेटर. खुर्चीला पट्ट्याने बांधलेला तीन मजली केक. विजेची किटली. घट्ट बंद खिडक्या.

थांबा, नीट सांगते. मी एक जुनी बॅटरी आहे. मित्रांनो, त्या रात्रीचं बोलायला लागले की सगळं एकदम बाहेर पडतं.

कारखान्यातून निघाले ती थेट कॅम्पर व्हॅनमध्ये, मागच्या बाकाखाली. मालकीण केक करायची, नवरा गाडी चालवायचा. दिवसा छतावरच्या सोलर पॅनेलमधून मी पोट भरून घ्यायचे, रात्री दिवे, पंखा, छोटा एसी चालवायचे. नवरा बाकावर थाप मारायचा, “आपली वाघीण दमत नाही!” मी फुगायचे. (कौतुकाने हो. बॅटरी खरोखर फुगली तर संपलीच.)

मग मालकिणीच्या बहिणीचं लग्न निघालं. केक क्रीमचा, फ्रिजमध्ये न मावणारा. म्हणून अख्ख्या गाडीचाच फ्रिज करायचं ठरलं. वाटेत मुक्काम, रात्रभर एसी.

“अहो, अजून गार करा. क्रीमला घाम फुटलाय.”

“अगं, माझे दात वाजतायत!”

“मग स्वेटर घाला.”

घातला. तिनेही घातला. सकाळपर्यंत मी पुरले असते, पण अगदी काठावर. तेवढ्यात काकडलेल्या नवऱ्याने हळूच किटली लावली. पाणी उकळायचं म्हणजे मला एसीपेक्षाही मोठं ओझं. आणि दोन्ही एकदम! ओरडावं तर मला तोंड नाही. चहा झाला. थोड्या वेळाने एसी गप्प झाला.

“काय केलंत तुम्ही?”

“चहा.”

“चहा! आता केकच्या जागी ही किटली मांडू का मांडवात?”

गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी, म्हणून रात्रीच तशी गाडी काढली. खिडक्या उघड्या. ती मागे, केकला दोन्ही हातांनी कवेत घेऊन. वळण, खड्डा, पुन्हा वळण. मी रिकामी, काहीच करू शकत नव्हते. पोचलो तेव्हा वरचा मजला खालच्याच्या मांडीवर बसला होता. ती गाडीच्या पायरीवर बसून रडली. नवरा चमच्याने क्रीम सरळ करत राहिला.

पुढे गाडी विकली गेली. मी गॅरेजच्या कोपऱ्यात आले. रिकामीच पडून राहिले आणि कायमची गेले. मित्रांनो, आम्हाला खुशाल राबवा, पण रिकामं टाकून विसरू नका. आणि एकाच रात्री आमच्याकडे गारवाही मागू नका नि उकळतं पाणीही.

निघण्याच्या आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला होता, “केकचं राहू दे गं, तू तेवढी वेळेवर ये.”