आयत्या चौकटी

“अगं, पण ही बाई कोण?” राजाभाऊंनी स्क्रीनला जवळजवळ नाकच लावलं.

“कोणी नाही काका. तिनं नुसती जागा धरून ठेवलीय. आपला फोटो येईपर्यंत.”

“म्हणजे एसटीत रुमाल टाकतात, तसं?”

“अगदी तसं!”

बाईच्या हातात कॉफीचा मग होता आणि ती आमच्याकडे बघून अशी हसत होती, जणू यंदाच्या आरतीचं तबक तिच्याच हाती द्यायचं ठरलं होतं. मी तिच्यावर क्लिक केलं, गेल्या वर्षीच्या आमच्या गणपतीचा फोटो निवडला, आणि त्या बाईच्या जागी, बरोबर त्याच मापात, बाप्पा येऊन बसले. राजाभाऊंनी टाळी वाजवली. आत माझा छोटा ऋग्वेद झोपलाय हे आठवून दुसरी टाळी त्यांनी हवेतच थांबवली.

“परत कर,” ते कुजबुजले. “मला परत बघायचंय.”

मी कळ दाबून केलेला बदल मागे घेतला. बाई आली. मग पुन्हा बाप्पा. राजाभाऊ लहान मुलासारखे खुर्चीच्या टोकावर आले होते.

चंडीगढच्या आमच्या मराठी मंडळात बहुतेक सगळे बदलीवर आलेले. कोणी फौजेत, कोणी माझ्या नवऱ्यासारखं, शंतनूसारखं, हवाई दलात, कोणी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात. कोणाच्या घरी पुरणपोळी चांगली होते हे कळेपर्यंत त्यांच्या ट्रंका बांधून झालेल्या असतात. राजाभाऊ दिवेकर तेवढे इथलेच. तरुणपणी मिरजेहून एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून आले, निवृत्त झाले, तरी गेले नाहीत. मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका पहिल्यापासून त्यांच्याच हातची. प्रत्येक पानाची चौकट ते स्वतः आखायचे, मजकूर स्वतः टाइप करायचे, प्रेसमध्येही स्वतः जाऊन उभे राहायचे.

यंदा त्यांचा उजवा हात थरथरू लागला. सरलाकाकू गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगी, कादंबरी, कॅनडात. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. “बाबा, बस हो गया. अब आप आ जाओ ना.” शेवटी विसर्जनानंतरचं तिकीट निघालं. म्हणजे यंदाचा अंक त्यांचा शेवटचा.

मंडळाच्या बैठकीत आमचा सेक्रेटरी देवेंद्र म्हणाला, “काकांना आता जमणार नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत कोणी पानं तयार करून दिली तर छापू. नाहीतर लेख गोळा करून पीडीएफ ग्रुपवर टाकू. कागदावर वाचतंय कोण आजकाल, यार?”

राजाभाऊ एवढंच म्हणाले, “पीडीएफ मी बॅगेत कशी घालू?”

सगळे हसले. ते मात्र गंमत करत नव्हते. मी हात वर केला. दुसऱ्या हातावर ऋग्वेद होता, म्हणून तो जरा वाकडाच वर गेला.

“वहिनी, तुम्हाला येतं हे?” देवेंद्रने विचारलं.

“येतं की,” मी म्हणाले.

येत नव्हतं. लग्नाआधी मी नगरला शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. बेडकाची आकृती सोडली तर मी आयुष्यात काही मांडलं नव्हतं. पान मांडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं आणि समोर जे पांढरंशुभ्र पान उघडलं, त्याच्याकडे बघत ऋग्वेदच्या दुपारच्या झोपा वाया घालवल्या. एक रेघ मारायची, ती तिरकी जायची. मजकुराचा डबा काढायचा, तो पानाबाहेर पडायचा. डाळ शिजेपर्यंत एक प्रयत्न, दूध वर येईपर्यंत दुसरा.

मग एक दिवस ऋग्वेद माझ्या मांडीवर बसून कीबोर्ड बडवत होता. मी “नको रे राजा” म्हणत त्याचा हात बाजूला करेपर्यंत एक खिडकी उघडली. ‘टेम्प्लेटवरून नवीन’. आणि तिच्यात पानंच पानं! मांडून ठेवलेली, रंगवलेली, मथळ्याची जागा सोडलेली, फोटोची जागा धरलेली. वार्तापत्रं, माहितीपत्रकं, हॉटेलची मेनूकार्डं. कोणीतरी कुठेतरी बसून माझ्यासाठी सगळी भांडी घासूनपुसून, ताटं मांडून ठेवली होती. मी फक्त वाढायचं होतं!

मी ऋग्वेदचे दोन्ही तळवे धरून मुके घेतले आणि राजाभाऊंना फोन लावला. “काका, जेवण झालं की इकडे या. लगेच या.”

खरं सांगते, मला जरा धास्ती होती. ज्यांनी जन्मभर प्रत्येक चौकट हाताने आखली, त्यांना या आयत्या चौकटी बघून वाईट वाटेल. पण त्यांनी त्या बाईला आणि बाप्पांना तीनतीनदा आलटूनपालटून बघितलं आणि म्हणाले, “आणि हे असं फुकट पडलंय? सगळ्यांसाठी? मी आपला फूटपट्टी घेऊन बसत होतो की गं!” हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणखी काय काय आहे? दाखव की.”

त्या दुपारी आम्ही साड्यांच्या दुकानात बसल्यासारखे टेम्प्लेट्स बघत बसलो. हे उघड, ते मिट, तो रंग नको, काठ बरा आहे. शाळेच्या वार्तापत्राचं टेम्प्लेट अंकासाठी पक्कं झालं. आरत्यांसाठी राजाभाऊंनी चर्चच्या प्रार्थनेचं पत्रक निवडलं.

“काका, चर्चचं?”

“दोन्हीकडं उभं राहूनच म्हणायचं असतंय. बघ ना, कडव्यांना जागा कशी छान सोडलीय.”

महाप्रसादाच्या बेतासाठी कुठल्याशा वाइनच्या दुकानाचं पत्रक आम्हाला दोघांनाही एकदम आवडलं. कडेने द्राक्षांची वेल होती.

“कोणाला कळलं तर?” मी विचारलं.

“कळतंय कशाला? नाशिकची समजतील.”

अडचणी होत्याच. ही टेम्प्लेट्स इंग्रजीसाठी बेतलेली, ओळीवर ओळ चिकटून बसलेली. आमच्या वेलांट्या वरच्या ओळीत घुसायच्या आणि उकार खालच्या ओळीच्या डोक्यावर पाय द्यायचे. मी धीर करून दोन ओळींमधलं अंतर वाढवलं आणि ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ मोकळा श्वास घेऊन उभं राहिलं. शंतनू घरी आला तेव्हा मी पोळ्या टाकायच्या सोडून त्याला ते पान दाखवलं. “हे तू केलंस?” तो म्हणाला. मला नोकरीच्या पहिल्या दिवसासारखं वाटलं.

इतकं सुरळीत चाललंय म्हटल्यावर माझ्या हातून काहीतरी होणारच होतं.

राजाभाऊंच्या जुन्या अंकांना एक ठसठशीत मराठी फॉन्ट असायचा. तो जुन्या पद्धतीचा आहे. इंग्रजी अक्षर दाबलं की त्याच्या जागी मराठी अक्षर उमटतं. मला सगळा अंक त्याच फॉन्टमध्ये हवा होता, म्हणून मी सगळी पानं एकदम निवडून एका झटक्यात तो फॉन्ट लावला, कच्चा अंक देवेंद्रला पाठवला आणि ऋग्वेदला अंघोळ घालायला गेले.

पण टेम्प्लेटमध्ये जिथे आपला मजकूर अजून यायचाय, तिथे जागा भरायला परक्या भाषेतल्या अर्थहीन ओळी घातलेल्या असतात. नव्या फॉन्टने त्या ओळी झटक्यात मराठी करून टाकल्या. म्हणजे दुरून मराठी. जवळून वाचलं तर ‘यदसज पटकघन मढल’. आणि अशा ओळींचं भरगच्च पान होतं आमच्या अध्यक्षांच्या, कर्नल श्रीराम साहेबांच्या, हसऱ्या फोटोखाली. त्यांचं मनोगत अजून यायचं होतं.

देवेंद्रने न वाचता तो कच्चा अंक ग्रुपवर टाकला. मी ऋग्वेदचं डोकं पुसत फोन बघितला तर कौतुकाचा पाऊस. ‘अंक देखणा!’ ‘अध्यक्षांचं मनोगत हृदयाला भिडलं.’ ‘साहेब, नेहमीप्रमाणे मार्गदर्शक विचार.’

तेवढ्यात मीनाक्षीवहिनींचा, म्हणजे कर्नलसाहेबांच्या बायकोचा, फोन. “ज्ञानदा, सुंदर झालाय गं अंक. यांचं मनोगत जरा जड वाटलं, पण यांचं लिहिणं पहिल्यापासून तसंच.”

“वहिनी… साहेबांनी मनोगत दिलंय का?”

पलीकडून कर्नलसाहेबांचा आवाज आला, “कसलं मनोगत? मी कुठं काय दिलंय?”

राजाभाऊ दुपारी आले आणि ते पान बघून हसत खुर्चीत कोसळले. उभं राहून, अध्यक्षांच्या आवाजात, हात मागे बांधून त्यांनी मला ते वाचून दाखवलं. “बंधुभगिनींनो, यदसज! पटकघन आपण सर्वांनी मढल केलं पाहिजे!” आम्ही तोंडावर हात दाबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

तेवढ्यात, खरा प्रकार कळलेल्या देवेंद्रचा निरोप आला. ‘वहिनी, हे छापून आलं असतं तर? साहेबांच्या फोटोखाली? रिस्क नको. यंदा छपाई कॅन्सल. पीडीएफ दुरुस्त करून पाठवा.’

मी तो वाचून दाखवला. राजाभाऊंचं हसू एकदम थांबलं नाही, हळूहळू मिटलं. त्यांनी थरथरणारा उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला.

“त्याचंही बरोबर आहे,” ते म्हणाले.

त्यांनी भांडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मीच उठले, स्वयंपाकघरात गेले आणि थेट कर्नलसाहेबांना फोन लावला. वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांशी बोलताना माझी नेहमी त-त-प-प होते. त्या दिवशी झाली नाही.

“सर, चूक माझी आहे. मनोगताची जागा मी मोकळी करून ठेवायला हवी होती. पण छपाई थांबवू नका. हा राजाभाऊंचा शेवटचा अंक आहे. त्यांना तो बॅगेत घालून न्यायचाय.”

साहेब खाकरले. “ज्ञानदा, मी इतकी वर्षं मनोगत लिहितोय, कोणी एका ओळीनं कळवलं नाही. न लिहिलेलं एवढं आवडलं! छापा तुम्ही. देवेंद्रला मी सांगतो. आता मला खरोखर लिहायला लागणार, एवढीच शिक्षा आहे.”

मी बाहेर येऊन राजाभाऊंना सांगितलं. ते उठून माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी आम्हा दोघांसाठी चहा टाकला. साखर कुठे आहे, हेही विचारलं नाही. मिठाचा चहा आम्ही दोघांनी पूर्ण प्यायला.

शनिवार उजाडला. साहेबांचं मनोगत आलं, खरंच जड होतं. पानं एकेक करून पुरी होत गेली. शेवटचं राहिलं ते निरोपाचं पान. आमच्या अंकात ते दर वर्षी असतं. वर्षभरात ज्यांची बदली आली, त्यांचे फोटो, नाव, आणि खाली कुठून कुठे चालले ते. पुढच्या गावातही कोणाला तरी दाखवता यावं म्हणून. त्यासाठी मी एका कंपनीचं ‘आमची टीम’ नावाचं टेम्प्लेट घेतलं होतं. सहा गोल चौकटी. जाणारे होते पाच. सहाव्या चौकटीत मी त्यांना न विचारता राजाभाऊंचा फोटो बसवला होता. खाली लिहिलं होतं, ‘चंडीगढ ते कॅलगरी’.

ते एकेका गोलावरून नजर फिरवत आले आणि शेवटच्यापाशी थांबले.

“हे काढ.”

“का हो काका?”

“हे पान जाणाऱ्यांचं. मी फोटो लावणारा.”

“पण तुम्ही जाताय ना.”

मी बोलून गेले. इतके दिवस आम्ही दोघं शेवटचा अंक, शेवटचा अंक म्हणत होतो. ‘तुम्ही जाताय’ असं मी कधी म्हटलं नव्हतं.

त्यांनी चष्मा पुढे-मागे करून फोटो नीट बघितला. “कुठला गं हा?”

“गेल्या वर्षीचा. पंगतीत मोदक वाढत होतात.”

“सरला म्हणायची, तुमचा एक फोटो धड येत नाही.” मग स्क्रीनकडे झुकून, “हा बरा आलाय. गोल चौकटीत माणूस जरा सुखी दिसतंय.”

“मग राहू दे?”

त्यांनी माउस स्वतःकडे ओढला. बाण पानभर माशीसारखा भिरभिरला. मला हात पुढे करावासा वाटला, पण मी तो मांडीवरच ठेवला. त्यांनी शेवटचं पान गाठलं. तिथे तळाशी, प्रेसच्या पत्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. ‘मांडणी : राजाभाऊ दिवेकर’. मी ती जुन्या अंकातून जशीच्या तशी उचलली होती. दोनदा बाण चुकला. तिसऱ्यांदा ओळीच्या शेवटी जाऊन बसला, आणि त्यांनी मागून एकेक अक्षर पुसायला सुरुवात केली.

“काका, ते कशाला? ते असू द्या.”

“दोन्हीकडं कसं चालेल? निरोप दिलेल्या माणसाकडं काम ठेवत नाहीत.” पुसणं चालूच होतं. ‘मांडणी :’ एवढंच उरलं तेव्हा ते थांबले. “आडनाव काय लावतेस? माहेरचं की सासरचं?”

“नुसतं ज्ञानदा चालेल.”

“चालेल की.”

‘ज्ञ’ची कळ त्यांच्या बोटानं न बघता शोधली, पण हात हलला आणि ‘ज्ञ’ दोनदा उमटला. त्यांनी एक पुसला. पुढची अक्षरं सावकाश, एकेक बघून लिहिली. आत ऋग्वेद जागा झाला होता, रडत होता. मला उठवेना.

“जा,” ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. “लेकरू रडतंय. मी सेव्ह करतो.”

त्याला कडेवर घेऊन मी परत आले, तेव्हा राजाभाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. माझी खुर्ची त्यांनी स्क्रीनसमोर सरकवून ठेवली होती.