आतून लागणारी कडी

"हास की जरा, माय. फोटूत रडल्यावानी दिसायलंय," माणिकराव म्हणाले.

सरजाबाई रडत नव्हती. तिच्या अंगावर नवं कोरं ब्लँकेट होतं, वर वैशाखाचं ऊन होतं आणि घाम डोळ्यांत उतरत होता. माणिकराव म्हणजे फाट्यावरच्या मारुती मंदिर कमिटीचे अध्यक्ष. त्यांचे वडील वैशाखात वारले, म्हणून पुण्यतिथीचं ब्लँकेट वैशाखात. वडिलांनी जाताना हवामानाचा विचार केला नव्हता आणि ती गोष्ट आता दुरुस्त होण्यासारखी नव्हती.

ब्लँकेटचं दुसरं टोक चंद्रभानच्या हातात होतं. देवगाव फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. कमिटीत त्याला घेतलं होतं ते त्याच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर होता म्हणून. हनुमान जयंतीचे फुगे तोंडाने फुगवायचे तर अर्धी कमिटी आडवी व्हायची. बाकी सभेत त्याचं मत कोणी विचारत नसे. पन्नाशी उलटली तरी त्याने एकही वाद जिंकला नव्हता. बायकोशी तर तो वाद घालतच नसे, सरळ हरण्यापासून सुरुवात करायचा. फोटोतसुद्धा त्याचा फक्त हात यायचा.

फोटो झाला, मंडळी गेली. सरजाबाईने ब्लँकेटची घडी घातली आणि एसटीच्या निवाऱ्याच्या कोपऱ्यातल्या ढिगावर ठेवली. हा निवारा म्हणजेच तिचं बिऱ्हाड. तीन भिंती, वर पत्रा आणि चौथ्या बाजूला अख्खा महाराष्ट्र. ढिगात दत्तजयंतीचं ब्लँकेट होतं, रमजानचं होतं, भीमजयंतीचं पांढरं होतं, नाताळात गाडी घेऊन आलेल्यांचं निळं होतं. सगळे धर्म एकावर एक घडी घालून नांदत होते. अधूनमधून त्यांच्यावर शेळी बसायची.

"एवढ्या ब्लँकेटांचं काय करायलीस, माय?" चंद्रभानने विचारलं.

"काय करू? लोकांला देऊ वाटतंय, मी घेते. कुनीतरी घेनारं बी पायजे की."

"आन तुला काय पायजे?"

सरजाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तिला दिल्लीचा रस्ता विचारला होता. मग म्हणाली, "आतून लागनारी कडी."

"कडी?"

"व्हय. दार लावलं, कडी घातली, की मंग मानूस झोपतंय. हितं मी झोपत न्हाई. नुसती पडून ऱ्हाते. लय वर्षं झाली."

"कडी मिळंल. पन लावायची कशाला?"

"ते तू बघ. तू इचारलं म्हनून मी सांगितलं."

दुसऱ्या दिवशी चंद्रभान सेलूला ट्यूबा आणायला गेला आणि येताना एक जाड लोखंडी कडी घेऊन आला, कोयंड्यासकट. दार नव्हतं, चौकट नव्हती, चौथी भिंत तर नव्हतीच. कडी मात्र पक्की होती. त्याने ती दुकानात खिळ्याला टांगली. त्याची बायको पार्वतीबाई डबा घेऊन आली तेव्हा तिला ती दिसली.

"लोक घर बांधून कडी लावत्यात. तुमचं समदं उलटंच," सगळी हकिकत ऐकून ती म्हणाली.

"व्हय," चंद्रभान म्हणाला. इथलं हरून झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रस्ता रुंद करणारे आले आणि निवाऱ्याच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले. पावसाच्या आत निवारा पडणार होता. आता मात्र चंद्रभानने हातातली ट्यूब खाली ठेवली. कमिटीची सभा होती तिथे तो तडक गेला आणि कोणी विचारलं नसताना बोलला.

"मंदिरामागं आपली जागा रिकामी हाय. एक खोली टाकली तर सरजाबाईचा इंतजाम—"

"आज तिला खोली दिली की उद्या समदा जिल्हा वळकटी घेऊन यील," एक सभासद म्हणाले.

"आन ती हाय तरी कुठली?" माणिकरावांनी विचारलं. "मला तर वालूरची म्हनली."

"मला पेडगावची म्हनली!" दुसरे एक सभासद म्हणाले.

"बगा. खोटारडी बाई. तिला कशी काय खोली द्यावी?"

ती खोटं का बोलते हे चंद्रभानला माहीत होतं. त्याने तिला एकदा विचारलं होतं. "खरं गाव सांगितलं की लोक पुन्य लागंल म्हनून गाडीत घालून तिथंच नेऊन सोडत्यात," ती म्हणाली होती. "दोनदा सोडलं. तिथूनच तर मी निघाले होते." एवढं सभेला सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण वाक्य घशापर्यंत आलं आणि पंक्चर झालं.

पुढचा विषय देवाच्या कपाटाचा. कोण्या भाविकाने मारुतीच्या वस्त्रांसाठी नवं कपाट दिलं होतं. जुनं हिरवं लोखंडी कपाट सभामंडपाच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्याला लागत होतं.

"भंगारात घालता येनार न्हाई," पुजारी हरिओम म्हणाला. "आजोबापासून देवाचे कपडे त्यात ठिवलेत. घरी कुनी न्यायचं असंल तर न्या, पन शिवताशिवत पाळावं लागंल."

सगळ्यांनी आपापल्या घरात जागा नसल्याचं सांगितलं. ज्यांची घरं दुमजली होती त्यांनी जास्त कळवळून सांगितलं.

"सरजाबाईला द्या," चंद्रभान हताश होऊन म्हणाला. "ब्लँकेटं तरी शेळीपासून वाचतील."

ठराव एकमताने पास झाला. चंद्रभानचा हा आयुष्यातला पहिला विजय. सवय नसल्यामुळे त्याच्या तो लक्षातच आला नाही.

कपाट ट्रॅक्टरमधून निवाऱ्यात आलं. ब्लँकेटं आत गेली. ज्या बाईला दार नव्हतं तिच्या पदराला किल्ली बांधली गेली. बसची वाट बघणारी माणसं पहिल्यांदा कपाटाला टेकून उभी राहायची, पण ते मारुतीचं आहे असं कळल्यावर टेकणं बंद झालं आणि हात जोडणं सुरू झालं. मग कुंकू आलं. मग उदबत्ती. एका शनिवारी कोणीतरी तेल वाहिलं. त्याने बिजागरीची कुरकुर थांबली, म्हणजे देव पावला. वालूरच्या एका पोरीला गणिताचा पेपर सोपा गेला, तिने येऊन नारळ फोडला. एसटीचे ड्रायव्हर निवाऱ्यासमोर आले की स्टिअरिंग सोडून नमस्कार करायचे, आणि मग त्यांच्या मागचे प्रवासीही भक्तीने नमस्कार करायचे.

आषाढ तोंडावर आला आणि निवारा पाडायचं यंत्र आलं. यंत्रावरचा माणूस खाली उतरला, त्याने कपाट पाहिलं आणि चपला काढल्या.

"बाई तर हालंल," तो म्हणाला, "पन ह्येला मी हात लावनार न्हाई. मला लेकरंबाळं हायेत."

माणिकरावांना बोलावणं गेलं. ते धावत आले. "आता हे ठिवायचं कुठं? मंदिरात तर नवं बसवलंय. देवाचं कपाट असं उघड्यावर? रस्त्यावर? पावसात भिजत? लोक काय म्हनतील आपल्याला!"

सरजाबाई बाजूला गाठोडं घेऊन उभी होती. तिच्याविषयी कोणी बोलत नव्हतं. चंद्रभानने तिच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि त्याला एकदम सगळं दिसलं.

"मंदिरामागं जागा रिकामी हाय," तो हळूच म्हणाला.

"मंग वाट कुनाची बगायलाव? बोलवा गवंड्याला!"

कपाट तेवढ्यापुरतं मंदिराच्या ओसरीवर गेलं, कपाटाबरोबर सरजाबाई गेली आणि वालूरचा सिताराम गवंडी आला. दोरी धरून त्याने विचारलं, "कपाटाला केवढी खोली?"

"कपाट उघडायला जागा पायजे," चंद्रभान म्हणाला.

"म्होरं मानूस हुबं ऱ्हायला?"

"हुबं ऱ्हाऊन दमलं तर आडवं व्हायला बी."

सितारामने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दोरीची खुंटी चांगली लांब नेऊन ठोकली.

भिंती वर आल्या तसे माणिकराव रोज संध्याकाळी देखरेखीला यायला लागले. "कपाटाला खिडकी कामून?" त्यांनी विचारलं.

"वारं लागलं न्हाई तर गंज धरंल, अण्णा," सिताराम म्हणाला.

"आन ही मोरी?"

"धुवावं लागंल की. देवाचं हाय."

"ओटा?"

इथे सिताराम अडकला. थापी तशीच हातात धरून तो उभा राहिला.

"निवद," हरिओम मंदिराच्या ओसरीवरून म्हणाला. "निवद ठिवायला वटा लागतोच." आणि तो पुन्हा वाती वळायला लागला.

शेवटी दार बसलं. चंद्रभानने दुकानातल्या खिळ्यावरून कडी काढली. तिच्यावर काळी धूळ बसली होती, ती त्याने शर्टाला पुसली आणि घेऊन आला.

"आतून लावू का भाईरून?" सितारामने विचारलं.

"आतून."

"आतून?" माणिकराव म्हणाले. "कपाट काय उठून कडी घालनार हाय का?"

सिताराम आभाळाकडे बघायला लागला. हरिओमला समई आठवली, तो आत गेला. सरजाबाई लिंबाखाली बसली होती, ती नुसतीच कडीकडे बघत होती. सभेतल्यासारखंच चंद्रभानच्या घशाशी पुन्हा एक वाक्य आलं. या वेळी त्याने ते गिळलं नाही.

"कपाटासाठी न्हाई, अण्णा. सरजाबाईसाठी. कडी नसली की ती झोपत न्हाई. नुसती पडून ऱ्हाते."

माणिकरावांनी खोलीत जाऊन खिडकी पाहिली, मोरी पाहिली, ओट्यावर बोट फिरवून पाहिलं. मग बाहेर आले.

"मला येडं समजायलाव का रे समदे? निवदाला वटा म्हनं."

सितारामने थापी उगाच पुसली.

"मीच खोलीचा विषय मोडला होता सभेत," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले आणि सितारामकडे वळले. "लाव. आत जो ऱ्हाईल त्यानं कडी घालावी. भाईरच्यांनी कामून ठरवायचं?"

हा चंद्रभानचा दुसरा विजय. एवढं यश एकाच वर्षात त्याला पेलवेना, म्हणून घरी जाऊन तो पार्वतीबाईसमोर लगेच एका गोष्टीत हरला आणि निवांत जेवला.

मार्गशीर्षात दत्तजयंती आली. या वेळी खरोखरची थंडी होती, म्हणजे वैशाखाच्या मानाने हे ब्लँकेट वेळेवर निघालं होतं. सेलूहून फोटोवाला आला होता. दिवस कलत असताना मंडळी मंदिरामागे गेली. चंद्रभानच्या हातात नेहमीचं टोक होतं.

दार बंद होतं.

माणिकराव थबकले. इतक्या वर्षांत सरजाबाईला ब्लँकेट देताना अशी अडचण कधी आली नव्हती. त्यांनी मागे वळून चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभानने मान डोलावली. मग माणिकरावांनी दोन बोटांनी दार वाजवलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"आमी हाव, माय. मंदिरवाले. ते... ब्लँकेट आनलं होतं."

"थांबा जरा. भाकर तव्यावर हाय."

मंडळी थांबली. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला. कोणीतरी खोकलं. खिडकीतून भाजत्या भाकरीचा वास आला. आत कपाटाचं दार बिनआवाजात उघडलं असावं, कारण फक्त पदराची किल्ली वाजली. माणिकरावांनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या. चंद्रभानने गार पडलेला हात ब्लँकेटच्या घडीत सारला.

दुसऱ्यांदा दार कोणी वाजवलं नाही.