न धुतलेला गाऊन

लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना आपले दोन जर्बिल माझ्या गळ्यात मारून गेली. "आई, उंदरांसारखेच असतात, फक्त शेपटीवर केस असतात," म्हणे. मग उंदीरच की मेले! ह्यांना मात्र भारी आवडले. हे म्हणजे माझे यजमान, बसचे निवृत्त ड्रायव्हर. हल्ली रस्ते विसरायचे, जेवलेलं विसरायचे, पण पिंजऱ्यातला थोरला कोण आणि धाकटा कोण, यात कधी चुकले नाहीत.

या जिवांचं आयुष्य ते केवढं! जन्मतात आंधळे, उघडेनागडे. तीन महिन्यांत संसाराला लागतात, दीड वर्षात पोक्त होतात आणि तिसऱ्या वर्षी म्हातारे. चौथं बघितलं तर कौतुकच. आमच्या दोघांनी तिसरं ओलांडलं होतं. अंगावरचे केस विरळ झालेले, आणि दिवसभर एकमेकांना चिकटून झोप. "अरे, आमच्याआधी पेन्शनीत गेलात की!" मी चिडवायची.

मग थोरल्याच्या पोटावर गाठ आली. "म्हातारपणी नरांना तिथंच येते," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ती काढली आणि जखम भरेपर्यंत त्याला ठेवून घेतलं. आठवड्यानं आणून पिंजऱ्यात सोडला, तर धाकट्यानं एकदा हुंगलं आणि सरळ त्याचा गळाच धरला. मी हात घालून सोडवला, बोट फाडून घेतलं. थोरला संध्याकाळी गेला.

"सख्खा भाऊ हो तो!" मी डॉक्टरांना फोनवर ओरडले.

"त्याला तो भाऊ वाटलाच नाही," ते म्हणाले. "हे वासावरून ओळखतात. दवाखान्यात थोरल्याचा वास पार बदलला. मध्ये जाळी लावून शेजारी ठेवायचं असतं, एकमेकांच्या गवतात झोपवायचं असतं. मी आधी सांगायला हवं होतं."

वरातीमागून घोडं! मी फोन आपटला.

पुढच्याच महिन्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे घराबाहेर. कापाकापीला मी भीत नाही. भीती एकच होती, परत येईन तेव्हा हे मला ओळखतील का? माझं नाव तर केव्हाच विसरले होते. पण रात्री मी आवरून आडवी झाले की डोळे न उघडता म्हणायचे, "आलीस का गं?" मी आल्याचं त्यांना कशावरून कळायचं? मला धाकटा आठवला.

जाण्याआधी आठवडाभर मी एकच गाऊन घातला. घामाचा, फोडणीचा, माझा. आणि आमची लाँड्री! लाँड्रीवाल्या बाईनं मळका गाऊन मिरवावा? गिऱ्हाइकं नाक मुरडत होती. मुरडोत बापडी. निघताना तो ह्यांच्या उशीशी ठेवला आणि सुनेला बजावलं, "हा इथून हलवायचा नाही." धुवायचा नाही, असं सांगायला जीभ रेटली नाही. ती लग्न होऊन आल्यापासून एकेका डागासाठी तिला फैलावर घेतलेलं. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू, तुझे सासरे माझ्या वासावर झोपतात म्हणून?

तीन आठवड्यांनी घरी आले. सून दारातच हसत म्हणाली, "आई, तुमचा गाऊन अजिबात हलवला नाही हं. रोज धुऊन, इस्त्री करून पुन्हा तिथंच ठेवत होते."

गुणाची पोर. मी शिकवलं तेच तिनं केलं होतं.

हे खिडकीजवळ बसले होते. काठी टेकत मी जवळ गेले. माझ्या अंगाला दवाखान्याचा वास मारत होता. त्यांनी वर पाहिलं आणि लगबगीनं उठून खुर्ची पुढे केली.

"या, बसा ना. पाय दुखतोय वाटतं?"

"अहो, मी आहे."

"हो हो, बसा. फक्त आमची बायको यायची आहे. फार तापट आहे हो. तिच्या खुर्चीत तुम्हाला पाहिलं, तर दोघांचीही धडगत नाही."

उभ्या संसारात या माणसानं मला कधी 'या, बसा' म्हटलं नव्हतं. मी बसले. आणि परक्यासमोर रडावं तसं, तोंड फिरवून रडले.